नायट्रोला पुढची सीट का मागची? साताऱ्याहून एकटीच निघालीये

कंदीपेढा (सातारा)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कातल्या नायट्रो ह्या रोलर कोस्टरचा, पण आधी थोडं सांगते, नाहीतर तुम्ही पण आमच्या सासूबाईंसारखं विचाराल की पाळण्यात बसायचं हे काय वय आहे का. तर वय ४४. पतसंस्थेत नोकरी, पोरगा बारावीला, आणि नवरा असा की पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा असतो म्हणून निभावतं, येताना घाट चढायला लागलो की हा प्लास्टिकची पिशवी शोधायला लागतो. मी त्याच घाटात काच खाली करून वारा खात बसणारी. लग्न जमवताना पत्रिका बघितली, हे कुणी विचारलंच नाही.

नाद लागला तो पुसेगावच्या यात्रेत. सेवागिरी महाराजांचा रथ, रथाला लावलेल्या नोटा, बैलांचा बाजार, ते सगळं आमच्या अण्णांसाठी, मी आपली पाळण्यांपाशी. तिथं ती ड्रॅगनची गाडी असायची बघा, लाल जीभ बाहेर काढलेली, गोल गोल फिरणारी, वाटेत एकच उंचवटा. पण त्या उंचवट्यावरनं गाडी खाली आली की पोटात जो गोळा यायचा ना त्याच्यासाठी मी रेवड्यांचे, बांगड्यांचे सगळे पैसे तिथंच घालवायचे. मग १९९९ ला कॉलेजची ट्रिप एस्सेलवर्ल्डला, रात्रभर गाडीत बसून बोरिवली, तिथून गोराईच्या खाडीतनं बोट, आणि समोर ते रूळ दिसल्यावर मी मैत्रिणींना सांगितलं मला शोधू नका, संध्याकाळी बोटीपाशी भेटू. आता तर एस्सेलवर्ल्ड बंदच झालं.

२०१६ ला इमॅजिकाला गेलो, पण घरचे नऊ जण. दिवसभरात नायट्रोची फेरी किती? एक. बाकी वेळ मी बाकड्यावर, मांडीवर नऊ जणांच्या पिशव्या आणि रुमालात बांधलेली सासऱ्यांची कवळी, कारण त्यांना त्या पाण्याच्या राईडमध्ये कवळी पडायची भीती होती. समोरनं दर काही मिनिटांनी नायट्रो घोंघावत जातीये आणि मी कवळी धरून बसलीये.

तर आता ठरवलंय. पुढच्या महिन्यात मंगळवारी रजा टाकलीये आणि एकटीच जाणार आहे. पुढं बसू का मागं? दिवसभर कॉम्प्युटरपुढं वाकून मान जरा धरते, तर एका दिवसात किती फेऱ्या झेपतील? आणि एकटी बाई बघून लोक विचित्र बघतात का हो? सातारा सांगलीकडं असला नाद असलेलं अजून कुणी आहे का तेही सांगा, मला तर आजवर एकही भेटलं नाही.

कुपवाडकर (सांगली)

आहे की ताई, मी आहे. आतापर्यंत इमॅजिकाच्या अकरा वाऱ्या.

पहिली फेरी पुढं, बाकी सगळ्या मागं. आता कारण सांगतो, सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. उसाच्या ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या असतात, ट्रॅक्टर चढ संपवून उताराला लागला तरी मागची ट्रॉली अजून चढावरच असते, आणि मग ट्रॅक्टरनं वेग घेतला की ती मागची ट्रॉली माथ्यावरनं कशी खेचली जाते, तिच्यावर बसलेला गडी कसा उडतो? तेच. सगळी गाडी एकमेकाला जोडलेली असल्यामुळं वेग सगळ्यांचा एकच, पण पुढचा डबा माथ्यावर येतो तेव्हा गाडी अजून चढावर ओढणाऱ्या चेनवरच असती, म्हणून पुढचे लोक माथ्यावर हळूच वाकतात आणि खाली बघत लोंबकळतात. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढचे सगळे उताराला लागून पळत सुटलेले असतात, ते मागच्याला ओढून नेतात. तुमचा तो पोटातला गोळा मागं डबल.

मग पुढं कशाला बसायचं? कारण नायट्रो फ्लोअरलेस आहे. स्टेशनात पायाखाली फळी असती, बार लॉक झाले की ती फळी निघून जाते आणि पाय अधांतरी. मधल्या ओळीत हे फारसं कळत नाही, समोरच्याची सीट दिसत राहते. पुढच्या ओळीत समोर काहीच नाही, पायाखालनं निळा रूळ… निळा म्हणालो पण खरं सांगू का, अकरा वेळा जाऊन मी रंगाकडं कधी नीट बघितलंच नाही, मी चाकं बघतो. कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे मी, त्यामुळं नजर तिकडंच जाते. प्रत्येक डब्याला तीन प्रकारची चाकं, एक रुळाच्या वर, एक बाजूला, एक रुळाच्या खाली. म्हणजे गाडीनं रुळाला तिन्हीकडनं मिठी मारलेली असती, उलटी झाली तरी सुटायचा प्रश्न नाही. लोकांना वाटतं वेगामुळं चिकटून राहते. वेगामुळं तुम्ही सीटला चिकटता, गाडी रुळाला चिकटते ती खालच्या चाकांमुळं. ही खालची चाकं जॉन मिलर म्हणून एका अमेरिकन माणसानं १९१९ साली पेटंट केली, त्याच्या आधीच्या गाड्या डोंगरावरनं नुसत्या देवाच्या भरवशावर उतरायच्या.

उंची साधारण ४० मीटर, वेग ताशी १०५ किमी, पाच वेळा उलटं. बनवणारे बोलिगर अँड माबियार, स्वित्झर्लंडचे, १९८८ ला दोन इंजिनिअरनी काढलेली कंपनी. आणि चढताना जो कट कट कट आवाज येतो ना, ज्याला लोक घाबरतात, तो आवाज म्हणजे गाडीखालची कुत्री. हसू नका, रॅचेटच्या दातात अडकणाऱ्या त्या लोखंडी तुकड्याला आमच्यात पण डॉगच म्हणतात. चेन तुटली तरी गाडी मागं येत नाही ते त्यांच्यामुळं. तो आवाज चालू आहे तोवर निवांत राहायचं.

मानेचं म्हणाल तर डोकं मागं सीटला टेकवूनच ठेवायचं, खाली वाकून किंवा बाजूला वळून बघायचं नाही.

हळदबाजार (सांगली)

ओ ताई, कशाला एवढा खर्च. महाबळेश्वर पोलादपूर एसटीत बसा, शेवटची सीट धरा, आंबेनळी घाट उतरा. गोळा पण येतोय, मान पण मोडतीय, आणि बायकांना तिकीट निम्मं.

चेष्टा सोडा. मला ह्या असल्या वस्तूंवर भरवसाच नाय. पाचसहा वर्षामागं एका जत्रेत पोरीला घेऊन त्या झुलत्या जहाजात बसलो, जहाज निघालं आणि बघतो तर आमच्या पुढच्या दांड्याला खिळच नाय, सुतळीनं बांधलाय. सुतळीनं! वरच्या टोकाला गेलो की मी एका हातानं दांडा धरलाय, दुसऱ्यानं पोरगी, आणि पाळणेवाला खाली तंबाखू मळतोय. वरनं बोंबललो तर त्याला वाटलं मजा येतीय, त्यानं अजून जोरात सोडलं. त्या दिवसापासनं जमिनीवर बरा आहे मी. आणि मला सांगा, मधीच लाईट गेली तर? आमच्याकडं तर आभाळ आलं की लाईट जातीय.

कंदीपेढा

@हळदबाजार एसटीचं तुम्ही गमतीत म्हणालात पण माझी प्रॅक्टिस तिथलीच आहे. मेढ्याला मामाचं घर, केळघरचा घाट आणि शेवटची सीट, ड्रायव्हर ओळखीचा होता, गतिरोधक आला की आरशात बघून हसायचा आणि ब्रेक न मारता गाडी उडवायचा. मामी म्हणायची ही पोरगी एक दिवस टपाला जाऊन चिकटणार.

सुतळीचं वाचून मात्र अंगावर काटा आला. लाईटचं मलाही माहीत नाही, @कुपवाडकर सांगा.

कुपवाडकर

लाईट जाण्याचा प्रश्न मला दर गणपतीत कुणीतरी विचारतंच.

विजेवर काय चालतं तर चढावरची चेन. एकदा माथ्यावरनं गाडी सुटली की पुढं सगळं गुरुत्वाकर्षण, मोटर नाही, इंजिन नाही, नुसती घरंगळत येणारी जड वस्तू. मग लाईट गेली आणि गाडी चढावर असली तर चेन थांबणार आणि कुत्री तिला धरून ठेवणार, बाजूला जिना असतो, माणसं येऊन उतरवतात. चढ सोडून पुढं गेलेली असली तर ती फेरी पुरी करून ब्रेकपाशी येते. आणि ब्रेक उलटे असतात, म्हणजे लावायला पॉवर लागत नाही, सोडायला लागते. पॉवर गेली की आपोआप लागलेलेच. बऱ्याच नव्या कोस्टरना तर चुंबकाचे ब्रेक असतात, गाडीच्या खाली धातूची पट्टी, ती चुंबकांच्या मधनं गेली की तिच्यात प्रवाह तयार होतो आणि तोच तिला आवरतो. घासायला काही नाही, वीज नाही, चुंबक काय लोडशेडिंगला सुट्टीवर जात नाही.

अजून एक, रुळाचे तुकडे पाडलेले असतात, त्याला ब्लॉक म्हणतात, एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीला सोडतच नाही. आपल्या मिरज जंक्शनचं सिग्नलिंग जसं तसंच.

हळदवाले भाऊ, तुमची भीती चुकीची नाय, जागा चुकली. जत्रेतली राईड दर आठ दिवसांनी नट सोडून ट्रकात घालतात, दुसऱ्या गावात परत जोडतात. मी जत्रेत गेलो की आधी पिना बघतो, आर पिन, कॉटर पिन जागेवर आहे का, खालच्या ठोकळ्यावर पाया नीट आहे का, मगच बसतो. दोनदा न बसता परत आलोय. भीती वाटणं वेगळं आणि धोका असणं वेगळं, नायट्रोला भीती जास्त आहे, तुमच्या जहाजाला धोका जास्त होता आणि तुम्ही बसताना हसत बसला होता.

निवृत्त गुरुजी (मिरज)

ह्या विषयावर मी आयुष्यभर फळ्यावर खडू झिजवला आणि प्रत्यक्ष एकदाच बसलो, तेही नातीच्या हट्टापायी, तरी चार ओळी लिहितो.

४० मीटरवरून कुठलीही वस्तू घरंगळली, घर्षण धरलं नाही, तर खाली वेग किती? दोन गुणिले ९.८ गुणिले ४० म्हणजे ७८४, त्याचं वर्गमूळ बरोबर २८. सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किमी. कुपवाडकरांच्या आकड्याच्या जवळपास येतं की नाही? उंची कुठून मोजली आणि चेनवरचा वेग किती धरला एवढाच काय तो फरक. ह्यात वजन कुठेच आलं नाही हे वर्गात सांगितलं की जाड मुलं खूश व्हायची.

आता लूप, म्हणजे गाडीला उलटी करून आणणारा रुळाचा उभा वेढा. बादलीत पाणी घेऊन हात गरगर फिरवला तर पाणी सांडत नाही हे सगळ्यांनी केलंय. मग रुळाचा लूप पण गोल करावा असं कुणालाही वाटेल, आणि तसं केलंही होतं, न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला १८९५ साली, फ्लिप फ्लॅप नावाचा. लोकांच्या माना धरल्या. कारण पूर्ण गोल लूपमध्ये वरच्या टोकाला गाडी जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला तरी खालच्या टोकाला अंगावर वजन सहापट येतं. गणित करून बघा, सहापटच येतं. ५० किलोची बाई क्षणभर ३०० किलोची, आणि मानेवरचं डोकं पण सहापट. म्हणून आताचा लूप गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा असतो, खाली पसरट आणि वर आवळलेला. खाली वळण मोठं म्हणून दाब कमी, वर वळण लहान म्हणून कमी वेगातही गाडी टिकते. १९७६ ला कॅलिफोर्नियात रिव्होल्यूशन नावाच्या कोस्टरमध्ये हा असा आकार नीट जमला, अंतोन श्वार्त्सकॉफ ह्या जर्मन कारागिराचा तो, आणि आकडेमोड वेर्नर स्टेंगल ह्यांची. आता बसाल तेव्हा लूपचा आकार लांबून बघून घ्या.

आणि पोटातला गोळा म्हणजे काय, तर शरीर खाली येतंय पण आतडी, जठर आत सैल टांगलेली, ती आपापल्या जागेवरून किंचित वर सरकतात. मेंदूला ते आवडत नाही. ताईंना आवडतं.

पहिला अमेरिकेतला गाजलेला कोस्टर १८८४ चा, तोही कोनी आयलंडचाच, ताशी साधारण १० किमी. आपल्याकडची बैलगाडा शर्यत त्याच्या कितीतरी पुढे.

हळदबाजार

गुरुजी, वर्गमूळ बघून दहावीचा पेपर आठवला, तोच गोळा आला पोटात.

वाईकर मावशी (वाई)

पोरी, माझं वय ५९. २०१८ ला गेले होते, मुलगा सून आणि मी. सून घाबरली, मुलानं तिच्यासोबत थांबायचं नाटक केलं (तो पण घाबरला होता, माझंच पोर आहे, मला कळतं), मी एकटी जाऊन बसले. नऊवारी नाही, पंजाबी ड्रेस घातला होता मुद्दाम. तिथला पोरगा मला म्हणाला आजी खरंच बसणार? म्हटलं बाळा, कृष्णेच्या पुरात गणपती घाटावरनं उड्या मारलेल्या आहेत, तू तुझा बार लाव.

कुणी विचित्र बघत नाही. बघितलंच तर बघू दे, वर गेल्यावर सगळ्यांचे डोळे मिटलेलेच असतात.

पण एक सांगते. रांगेच्या सुरुवातीला पाटी असते, हृदयविकार, बीपी, मानेचं पाठीचं दुखणं, गरोदरपण असेल तर बसू नका. मला नंतर बीपीची गोळी सुरू झाली आणि मी मोठ्या राईड बंद केल्या. वाईट वाटतं, पण केल्या. आता नातवासोबत लहान गाडीत बसते आणि तोंडानं कट कट आवाज काढते. तर तू त्या मानेचं आधी डॉक्टरला दाखव, नुसतं धरते म्हणून सोडून देऊ नकोस.

विश्रामबाग (सांगली, सध्या पुणे)

ताई प्रॅक्टिकल गोष्टी मी सांगतो, इथं सगळे फिजिक्समध्येच अडकलेत.

साताऱ्याहून पार्क दोनशे किमीच्या आसपास पडतं, पहाटे निघून त्याच दिवशी परत म्हणजे अर्धा दम रस्त्यातच जातो. सोमवारी संध्याकाळी पुण्यात या, वाकड हिंजवडीकडं कुणी नातेवाईक असेल तर उत्तम, सकाळी तिथनं एक्सप्रेसवेनं खालापूरला उतरायचं आणि पालीच्या रस्त्याला लागायचं. गेट उघडायच्या आधी पोचा. आत शिरल्यावर लोक आधी फोटो काढतात, नाश्ता करतात, तुम्ही कुठंही न थांबता सरळ नायट्रो. पहिल्या तासात जेवढ्या होतील तेवढ्या करून घ्या, जेवणाच्या वेळी पुन्हा, कारण लोक जेवायला जातात. तुम्ही मात्र पोटभर जेवू नका, एखादं केळं आणि पाणी.

मोबाईल, चष्मा, कानातले लॉकरला. चष्म्याशिवाय दिसत नसेल तर मागं दोरी लावा. चप्पल नको, बूट आणि नाडी डबल गाठ. शाळेच्या सहली कुठल्या दिवशी येतात ते आपल्या हातात नाही, आल्याच तर डीप स्पेस ह्या दुसऱ्या कोस्टरकडं जा, तो इमारतीच्या आतला आहे, अंधारात. तिथं चढ नाही, थेट फेकल्यासारखी गाडी सुटते आणि पुढं वळण डावीकडं का उजवीकडं तेच कळत नाही त्यामुळं अंगाला तयारीच करता येत नाही. मला स्वतःला नायट्रोपेक्षा तो जास्त लागतो. पाऊस जोराचा किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राईड कुठल्याही पार्कात थांबवतात, त्यामुळं तारीख निवडताना बघा.

एकटं असण्याचा एक फायदा कुणी सांगितला नाही. नायट्रोला एका ओळीत चौघं. तिघांचा ग्रुप आला की एक सीट रिकामी.

आणि नायट्रो झाल्यावर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडा आणि बेंगळुरूजवळचं वंडरला करा, तिथला रिकॉइल कोस्टर जातो तसाच उलटा परत येतो. २००५ चं पार्क आहे.

कुपवाडकर

वंडरलाला +१. माझी बहीण अबुधाबीला असती, तिच्याकडं गेलो तेव्हा तिथला फॉर्म्युला रोसा कोस्टर केला, ताशी २४०, बसायच्या आधी डोळ्याला गॉगल देतात, वाळूचा एखादा कण लागला तर गेलंच. पण खरं सांगू, तो वेग आहे, गोळा नाही. वेग पाच सेकंदात संपतो. मला अजून नायट्रोची शेवटची ओळच आवडते. उंचीचं म्हणाल तर अमेरिकेत किंगडा का म्हणून १३९ मीटरचा होता, २०२५ च्या फेब्रुवारीत स्फोट लावून पाडला, तो व्हिडिओ मी जेवताना बघितला आणि जेवण गेलं नाही.

ताई, तुम्ही मोजायला पण सुरू करा. नाद असलेले लोक वेगवेगळ्या कोस्टरवर बसलेलं मोजतात, एका कोस्टरचं एक क्रेडिट, एकाच कोस्टरवर शंभरदा बसला तरी एकच. माझी ९ आहेत. कोलकात्याच्या निक्को पार्कात लाकडाचा आहे, सायक्लोन, २००३ चा, तो राहिलाय माझा.

कंदीपेढा

मंडळी, जाऊन आले. सविस्तर लिहिते कारण घरी ऐकणारं कुणी नाही.

मावशींचं ऐकून मान दाखवली, डॉक्टर म्हणाले स्नायूचं आहे, बसा पण डोकं टेकवून. सोमवारी संध्याकाळी वाढे फाट्यावर एका ट्रॅव्हल्सची वाट बघत दोन तास उभी, नाव लिहीत नाही, फोन केला की "मॅडम पाच मिनिट", त्यांच्या पाच मिनिटांवर गुरुजींनी वेगळा धडा घ्यावा. रात्री साडेअकराला वाकडला चुलत बहिणीकडं पोचले, सकाळी तिच्याच ओळखीच्या गाडीनं गेटवर.

आत शिरले आणि पळाले. खरंच पळाले, ४४ व्या वर्षी, पाठीवर सॅक, सगळ्यांच्या पुढं. पहिली फेरी पुढच्या ओळीत. फळी पायाखालनं गेली तेव्हा मी आपोआप पाय वर ओढले, शेजारचा कॉलेजचा मुलगा हसला, आणि मग चढ सुरू. कट कट कट. कुपवाडकर, तुमच्या कुत्र्यांमुळं पहिल्यांदाच चढावर मी डोळे उघडे ठेवले. माथ्यावर गाडी वाकली आणि आम्ही असेच लोंबकळत, खाली सगळा हिरवा डोंगर, लांब एक्सप्रेसवे का काय ते, एक सेकंद असेल नसेल, मला वाटलं कुणीतरी मला वरून पार्क दाखवायलाच थांबलंय. मग खाली.

दुसरी फेरी शेवटची ओळ. अहो! ट्रॉलीवरचा गडी मीच. माथा आलाच नाही, म्हणजे आला असेल, मला दिसला नाही, मी सीटवरनं उठलेली, बारनं धरून ठेवलेली, आणि गोळा पोटातनं गळ्यापर्यंत. लूपमध्ये गुरुजींची आठवण आली, खाली जड, वर हलकी, अगदी थेंबासारखंच. नातीच्या हट्टाची वाट बघू नका गुरुजी, परत एकदा जा.

तिसऱ्या वेळी रांगेत पुढं तीन पोरी होत्या, इचलकरंजीच्या, चौथी सीट रिकामी, त्या म्हणाल्या काकू या ना. मग त्यांच्यासोबत चार फेऱ्या. दुपारी दोन डीप स्पेस, तिथं मी ओरडले ते ओरडणं माझं आहे हे मला नंतर कळलं. संध्याकाळी अजून एक, शेवटची, मागची ओळ, डावं टोक. नायट्रो एकूण सात. मान ठीक. पाय दुसऱ्या दिवशी पण जमिनीवर नीट टेकत नव्हते, कॅश काउंटरवर बसले तरी सीट मागं झुकतीये असं वाटायचं.

फोटो विकत घेतला. सासूबाईंनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, तोंड एवढं का उघडलंय, दात दाखवायला? सासरे म्हणाले बरं झालं मी नव्हतो, कवळी गेली असती.

आता मोजणीचं. आमच्या पतसंस्थेत क्रेडिट म्हणजे पत, तर माझी पत किती होते? एस्सेलवर्ल्डचे दोन, नायट्रो, डीप स्पेस, आणि पुसेगावची ड्रॅगन गाडी, पाच. पोरानं कुठंतरी वाचून सांगितलं की ड्रॅगन गाडी मोटरवर चालते, घरंगळत नाही, म्हणून ती धरत नाहीत. धरत नसतील. मी धरलीये.

रजा अजून सात शिल्लक आहेत. पुण्याहून आझाद हिंदनं हावडा. निक्को पार्कच्या त्या लाकडी सायक्लोनवर कुणी बसलंय का, लाकडाचा स्टीलपेक्षा किती हादरतो, मानेला झेपेल का ते सांगा. कुपवाडकर, तुमचाही राहिलाय ना?